पाइप मिळाले, पाण्याचं काय?

आमच्या गटाच्या खोलीत सध्या तीन लांबलचक पाइप पडून आहेत. दोन तर अजून प्लॅस्टिकमधून बाहेरही काढलेले नाहीत. झालं असं, की आमच्या बागेला मिळालेल्या अनुदानाच्या नियमात पाइप म्हणजे ‘साहित्य’, त्याचं बिल चालतं. पाण्याचं बिल म्हणजे ‘आवर्ती खर्च’, पुन्हा पुन्हा येणारा, ते चालत नाही. वर्ष संपत आलं, थोडे पैसे उरले, परत करायला जीवावर आलं. मग घेतले पाइप.

राडारोड्यानं भरलेला एक रिकामा प्लॉट आम्ही शेजाऱ्यांनी मिळून हिरवा केला, त्याला आता तिसरं वर्ष. रोपं लावायच्या दिवशी इतकी गर्दी होती की कुदळी कमी पडल्या. या उन्हाळ्यात बादल्या उचलायला आम्ही चौघं. त्यातल्या एकाची कंबर धरलेली, म्हणजे साडेतीनच म्हणा. लोकांना दोष देत नाही मी. फुकटच्या कामाला दर आठवड्याला कोण किती वर्षं येणार?

झाडाची मुळं नीट खोल जाऊन ते स्वतःच्या जिवावर उभं राहायला दोन-तीन वर्षं लागतात. अनुदान बहुतेक वेळा एका वर्षाचं. म्हणजे लावायला पैसे आणि जगवायला शुभेच्छा. अर्जात एक रकाना असतो, ‘प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख’. बाग कधी ‘पूर्ण’ होते हे मला अजून कळलेलं नाही.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचं उदाहरण मी जिथे तिथे देत असते, इथेही देते. तिथे संशोधकांनी 541 ओसाड प्लॉट घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. काही ठिकाणी कचरा काढून गवत, थोडी झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण. काही ठिकाणी नुसती सफाई. उरलेले जसेच्या तसे. निष्कर्ष 2018 मध्ये छापून आले. हिरव्या केलेल्या प्लॉटच्या आसपास ‘उदास वाटतं’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण, काहीच न केलेल्या प्लॉटच्या तुलनेत, 41.5 टक्क्यांनी घटलं. नुसत्या सफाईनं ठळक फरक पडला नाही. एवढं सगळे सांगतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: गवत लावून मंडळी घरी गेली नव्हती, पुढेही दर महिन्याला देखभाल चालू होती. कारंजी नाहीत, सेल्फी पॉइंट नाही. कापलेलं गवत आणि शाबूत कुंपण.

पैशाइतकाच जागेचा प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी 1973 मध्ये एका कचराकुंडी झालेल्या प्लॉटवर बाग केली. पुढच्या वर्षी शहरानं ती महिना 1 डॉलर भाड्यानं दिली. 1978 मध्ये अशा बागांसाठी शहराचा स्वतंत्र कार्यक्रमही आला. आणि 1999 मध्ये त्याच शहरानं शंभरहून अधिक बागा लिलावात काढल्या! लोकांनी रान उठवलं, दोन संस्थांनी ऐनवेळी जमिनी विकत घेतल्या म्हणून त्या वाचल्या. लोकांनी कसून किंमत वाढवलेली जागा विकायचा मोह कुणालाही होतो. म्हणून अनुदान देणाऱ्यानं आधी विचारावं, जागा किती वर्षांसाठी तुमच्याकडे आहे? आम्हाला विचारलं ते ‘लाभार्थी किती’. आम्ही एक आकडा ठोकून दिला. चिमण्या धरायच्या का, हे विचारायचं राहिलं.

आता जरा कटू बोलते. अनुदान मिळतं ते अर्ज लिहिता येणाऱ्यांना. आमच्यात एक निवृत्त हिशेबनीस आहेत, म्हणून तीन कोटेशनं, नोंदणी, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच लागले असा दाखला) हे सगळं जमलं. पलीकडच्या वस्तीत सावलीला एक झाड नाही, गरज आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण त्यांची संस्था नोंदवलेली नाही, बँकेत खातं नाही. त्यात पैसे ‘आधी खर्च करा, मग बिलं द्या’ या तत्त्वावर. रोजावर जगणारा माणूस आधी खर्च करणार कुठून? नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेनं त्यांचे पैसे सांभाळायचे आणि काम त्यांनी ठरवायचं, एवढी सोय केली तरी पुष्कळ आहे. आणि त्यांनी खणलेले खड्डे, झाडांभोवती केलेली आळी यांची मजुरी लोकवाट्यात, म्हणजे लोकांनी स्वतः घालायच्या हिश्श्यात, धरा. रोकड मागू नका.

माझ्या हातात असतं तर पहिल्या वर्षाचे निम्मे पैसे कापून तिसऱ्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवले असते. त्यातून वस्तीतल्याच कुणाला तरी महिन्याचे ठरावीक पैसे द्यायचे, पाणी घालायला आणि खुरपायला. झाडं कमी लागतील. लागू देत.

पुढच्या वर्षाचा अर्ज काल उघडला. देखभालीचा रकाना यंदाही नाही. कुणाच्या गटाला पाण्यासाठी किंवा माणसाच्या पगारासाठी खरंच पैसे मिळाले असतील, तर अर्जात काय शब्द वापरलेत तेवढं सांगा. आणि कुणाला पाइप हवे असतील तर दोन कोरे आहेत, घेऊन जा.