जॉर्जियातल्या बाकुरियानी या स्कीइंगच्या गावातल्या आमच्या गेस्टहाऊसला मिळालेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार,

ठाण्याला परत गेल्यावर तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. गाव मेल्यासारखं, डोंगरावर नेणाऱ्या स्कीच्या लिफ्ट बंद, स्वयंपाकी नाही, रात्री गरम पाणी नाही, आणि जॉर्जियात एवढा गोंधळ चालू असताना बुकिंग घेतलंच कसं, असं तुमचं म्हणणं.

आधी पाण्याचं. ती चूक माझीच. बॉयलर रात्री बंद पडला आणि जवळच्या बोर्जोमी शहरातून माणूस यायला सकाळ उजाडली. आम्ही चुलीवर पाणी तापवून बादल्या आणून दिल्या, पण बाहेर बर्फ आणि सोबत लहान मुलं असताना तेवढ्याने भागत नाही. त्या रात्रीचं भाडं परत पाठवलं आहे.

गोंधळाबद्दल. २८ नोव्हेंबर २०२४ ला सरकारने युरोपियन युनियनमधल्या प्रवेशाची बोलणी २०२८ अखेरपर्यंत लांबणीवर टाकली, तेव्हापासून लोक राजधानी तिबिलिसीत रुस्तावेली रस्त्यावर, पार्लमेंटसमोर उतरले. ते इथून १८० किलोमीटरवर. बाकुरियानीत तुमच्या केसालाही धक्का लागला नसता, म्हणून बुकिंग घेतलं. इथे झळ लागते ती वेगळी: पाहुणे येणं रद्द करतात आणि गावातली तरणी माणसं बॅग भरतात. १९८९ च्या जनगणनेत हा देश ५४ लाखांचा होता, आज ३९ लाखांच्या आसपास आहे. अबखाझिया हा प्रदेश देशाच्या हातचा गेला हे एक कारण, पण कामासाठी परदेशी गेलेले खूप. २०२३ मध्ये फ्रीस्टाइल स्कीइंग आणि स्नोबोर्डची जागतिक स्पर्धा याच गावात झाली, तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही आलात तो शुकशुकाट त्याच गावातला.

आमची स्वयंपाकीणही नोव्हेंबरात इटलीला गेली, एका आजारी आजींना सांभाळायला. मुलीच्या कॉलेजची फी इथल्या पगारात निघत नव्हती. सहा वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिला थांब म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

वारा वाढला की वरच्या लिफ्ट थांबवतात, त्याला इलाज नाही. तुम्हाला गुदाउरी हे इथलं दुसरं स्कीइंगचं ठिकाण जास्त आवडलं असतं, हे मात्र पटतं. ते उंचावर, उघड्या डोंगरावर आहे, उतार लांब, संध्याकाळी गजबज. आमचं १७०० मीटरवरचं, झाडीतलं गाव पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्यांसाठी, मुलांसाठी बरं. बुकिंगच्या वेळी तुम्हाला काय हवंय हे मी विचारायला हवं होतं. आता आमच्या पानावर स्पष्ट लिहिलंय: गाव शांत आहे, रात्री आठनंतर काही उघडं नसतं, जेवण घरचीच माणसं बनवतात.

एक विनंती. 'चेहऱ्यावर हसू नसलेली म्हातारी' असं तुम्ही जिला म्हटलंय, त्या माझ्या सासूबाई. मी साताऱ्याची, लग्न होऊन इथे आले, तेव्हा हातवारे करून मला भाषा शिकवली ती त्यांनीच. त्यांचा धाकटा मुलगा पोलंडला गेल्यापासून त्या कमी बोलतात. तुम्ही शाकाहारी आहात म्हटल्यावर पहाटे पाचला उठून, चरबीचा थेंब न घालता, त्यांनी तुमच्या मुलांसाठी राजम्याचं सारण भरून लोबियानी ही इथली रोटी केली होती. आलेला प्रत्येक रिव्ह्यू त्या माझ्याकडून जॉर्जियनमध्ये वाचून घेतात. ही ओळ मी गाळली.

दोन स्टार राहू द्या. तेवढी ओळ काढाल का?