पाच वाजता येतो

आज दुपारी साडेचारच्या सुमारास भाजी घेऊन परतत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा जिन्याच्या पायरीवर बसलेला दिसला. नीट भांग पाडलेला, पायांत बूटमोजे आणि गळ्यात पाण्याची बाटली. "मावशी, बाबा पाच वाजता येणार आहेत, आम्ही बागेत जाणार आहोत," असे त्याने मी न विचारताच सांगितले. सहा वाजता कचरा टाकायला उतरले, तेव्हाही तो तिथेच होता. साडेसातला त्याची आई त्याला घरात नेत होती आणि तो बूट काढू देत नव्हता. रात्री त्याचे वडील जिन्यात भेटले. मला राहवले नाही, मी विषय काढला. ते हसून म्हणाले, "अहो, लहान आहे तो, उद्यापर्यंत विसरेल."

तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. विसरेल, म्हणून शब्द मोडायचा? शेजाऱ्याकडून घेतलेले पाचशे रुपये तो विसरला असेल, म्हणून आपण ते बुडवत नाही, आणि कोणी बुडवलेच तर त्याला चांगला माणूस म्हणत नाही. मग ज्याला अजून घड्याळही धड वाचता येत नाही, त्याचे तीन तास बुडवणे एवढे सोपे कसे वाटते?

माझे बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जात आणि आम्ही बदलापूरला तळमजल्यावर राहत होतो. २००५ च्या उन्हाळ्यात, मी नऊ वर्षांची असताना, त्यांनी मला माथेरानच्या छोट्या गाडीत बसवण्याचा शब्द दिला. पावसाळ्यात ती गाडी बंद असते, म्हणून दिवाळीची सुट्टी ठरली. त्यानंतर २६ जुलै आला. उल्हास नदीचे पाणी आमच्या घरात कमरेपर्यंत चढले, आणि त्याच पावसाने घाटातला तो रूळमार्गही उखडून टाकला. घरातले अंथरूण-पांघरूण, धान्य, माझी पुस्तके, सगळे गेले होते. त्या परिस्थितीत एका गाडीची गोष्ट कोणीही सोडून दिली असती आणि मीही काही बोलले नसते.

पण दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला लोकलने नेरळला, ती गाडी जिथून सुटते तिथे, घेऊन गेले. "मी सांगतो म्हणून मानू नकोस, स्वतः बघ," असे म्हणून त्यांनी मला रिकामा फलाट आणि ते अरुंद रूळ दाखवले. टॅक्सीने वर जाऊ या का, असेही विचारले, पण मी हट्टाने नाही म्हटले. मग कधी, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, "तारीख माझ्या हातात नाही, पण गाडी सुरू झाली की आपण जायचे." ज्याची खात्री नव्हती ते त्यांनी कबूल केले नाही, आणि जे कबूल केले ते नेमके शब्दांत सांगितले. आपण मात्र मुलांना 'बघू' म्हणतो, आणि मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला त्या 'बघू'चा अर्थ ठाऊक असतो.

नोकरी, ओव्हरटाइम, रखडलेल्या लोकल, आजारपण, हे सगळे खरे आहे आणि त्यामुळे काही शब्द मोडतात, हे मी मान्य करते. पण फोन करायला किती वेळ लागतो? घरी आल्यावर त्याच्यासमोर बसून "माझे चुकले" म्हणायला किती? स्वप्नात दिलेल्या वचनासाठी राज्य सोडणाऱ्या हरिश्चंद्राची गोष्ट आपण याच मुलांना रात्री सांगतो, आणि दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत दिलेला पाच वाजताचा शब्द आपल्याला जड होतो.

एवढे लिहिल्यावर राग थोडा ओसरला आहे, आणि आता स्वतःकडेही बघायला हवे. या उन्हाळ्यात लेकीला पोहायला शिकवायला नेईन, असे मी तिला परीक्षेच्या आधी सांगितले होते. सुट्टी संपली. आज झोपताना मी तिला त्याबद्दल विचारले, तर ती अगदी समजूतदारपणे म्हणाली, "असू दे गं आई, तुला वेळ नसतो ना." ती रडली असती तर बरे झाले असते. तिने माझ्याकडून अपेक्षाच सोडून दिली आहे, हे मला तिच्या त्या शांत आवाजात कळले. तिच्या शाळेचे वेळापत्रक काढून मी पोहण्याच्या तलावावरच्या बॅचच्या वेळा जुळवायला घेतल्या आहेत.

माथेरानची गाडी २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. खरे सांगायचे तर तोपर्यंत मी ती विसरले होते. खालच्या मुलाचे वडील म्हणाले तसे मुले कधीकधी विसरतातही. पण बाबा विसरले नव्हते. एके संध्याकाळी त्यांनी पाकिटातून वर्तमानपत्राचे कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. मे महिन्यात ते रात्रपाळी करून थेट घरी आले, अंघोळ करून मला घेऊन निघाले आणि नेरळला तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. जुम्मापट्टी स्टेशन जाईपर्यंत त्यांना पेंग येऊ लागली होती. वॉटर पाइप स्टेशनाच्या पुढे गाडी वळणावर करकरली, तेव्हा त्यांनी दचकून डोळे उघडले आणि विचारले, "तुला खिडकीतून नीट दिसतंय ना?"