"ओरिजिनल आहे की प्रिंट?"

प्रदर्शनात हा प्रश्न ऐकला की माझा जीव तुटतो. परवा पुन्हा ऐकला. म्हणून आज मुद्राचित्रकार, म्हणजे प्रिंट काढणाऱ्या कलाकार, अनुपम सूद यांच्याबद्दल लिहितेय.

जन्म 1944, पंजाबातल्या होशियारपूरचा. बालपण शिमल्यात. दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये 1967 पर्यंत शिक्षण. जगमोहन चोप्रांनी 1968 मध्ये मुद्राचित्रकारांचा 'ग्रुप 8' उभा केला, त्यातल्या त्या सगळ्यात धाकट्या. मग लंडनचं स्लेड स्कूल हे कला महाविद्यालय, आणि परत येऊन आपल्याच कॉलेजात शिकवणं, थेट 2003 मध्ये निवृत्त होईपर्यंत.

त्यांचं काम मुख्यतः एचिंगचं, जस्ताच्या पत्र्यावर. पत्र्याला मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघ ओढायची, अॅसिडमध्ये सोडायचं. जिथे मेण खरवडलं तिथे अॅसिड धातू खातं. मग त्या खाचांत शाई चोळायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून प्रेसचा रूळ फिरवायचा. कागद एका कोपऱ्याला धरून हळूच उचलायचा. डावीकडचं उजवीकडे आलेलं असतं. आणि पुढच्या प्रतीसाठी शाई पुन्हा चोळायची, पुन्हा पुसायची. खाली पेन्सिलीने 3/10 लिहिलेलं दिसतं ना, तो दहातला तिसरा कागद. तो ओरिजिनलच असतो हो! कुणी चित्राचा फोटो काढून छापलेला नसतो.

त्यांचं 1982 चं 'ऑफ वॉल्स' बघा. लिहून-खरडून भरलेल्या भिंतीला टेकून एक बाई फुटपाथवर बसलीय. अंग भरीव, हाडामांसाचं. चेहऱ्याच्या जागी मात्र पोकळी. पुढे कुणा पुरुषाचे आडवे पडलेले पाय. मी त्या चित्रासमोरून लवकर हलूच शकत नाही. बाईचं शरीर इतकं वजनदार, इतकं खरं काढणारे हात आपल्याकडे फार थोडे.

त्यांच्याबद्दल लिहिताना लोक "अध्यापनही केलं" असं एका ओळीत उरकतात. मला हे पटत नाही. रंग-कॅनव्हास घेऊन माणूस घरच्या गच्चीत चित्र काढू शकतो. एचिंगला प्रेस लागतो, अॅसिडचे ट्रे लागतात, हवा खेळती लागते. स्वतःचा प्रेस किती जणांना परवडतो? बहुतेकांना तो भेटतो कॉलेजच्या स्टुडिओतच. तिथे शाई कशी पुसायची हे हाताला धरून दाखवणारं कुणी नसेल, तर पुढची पिढी या माध्यमात येतच नाही. पाव शतक ते दार उघडं ठेवणं हेही कलाकाराचंच काम आहे, आणि मी त्याला त्यांच्या चित्रांइतकाच मान देते.

हे मी अनुभवातून सांगतेय. आमच्या कॉलेजातही प्रेस होता. माझ्या पहिल्या वर्षी आमच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा भरलीच नाही. तोवर आम्ही एकच पत्रा पुरा केला होता. बाईंनी माझा पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "इथली शाई जास्त पुसलीस गं, काळा थोडा राहू दे." दुसरा काढायचा राहूनच गेला.

मागच्या वर्षी कॉलेजात गेले होते. प्रेस तिथेच आहे. त्यावर परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे रचलेत आणि रुळाला गंज चढलाय. जागा अजून रिकामीच. आमच्या बॅचमधल्या कुणाला ती भरण्यासाठी अर्जावर सही करायची असेल तर मला मेसेज करा. अर्ज मी लिहून ठेवलाय.