परीक्षकांविना एक भिंत

कलाशाळेची पायरी न चढलेल्या माणसाला चित्रकार म्हणायचं का, या वादाने गावाकडचे माझे मित्र पुन्हा इरेला पेटलेत. एक गट म्हणतो, मुंबईच्या जेजे कलाशाळेत हात घासल्याशिवाय रेषा येत नाही. दुसरा म्हणतो, कला उपजतच लागते, शिकवणीने ती मरते. इथे पॅरिसमध्ये आंरी रूसोची चित्रं पुन्हा पुन्हा पाहताना मला वाटतं, खरा प्रश्न दोघांच्याही हातून निसटतोय.

रूसो जकात नाक्यावरचा कर्मचारी. चाळिशीच्या आसपास नेटाने रंगवू लागला, १८९३ मध्ये नोकरी सोडली. ऑर्से संग्रहालयात त्याची १९०७ सालची ‘गारुडीण’ आहे. चंद्रप्रकाशात उभी काळी आकृती, ओठांशी बासरी, अंगाखांद्यावर साप, आणि भोवती माणसाहून उंच पानं, प्रत्येकाची कड वेगळी कोरलेली. हिरव्याच्या इतक्या छटा कुणाच्या हातून आपोआप उतरत नाहीत. हे जंगल त्याने पाहिलंच नव्हतं. तो कधी फ्रान्सबाहेर गेला नाही. झाडं भेटली ती इथल्या वनस्पती उद्यानाच्या काचगृहांत. १८८४ मध्ये त्याने लूव्ह्रमध्ये बसून जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचा परवाना काढला होता. म्हणजे तो शिकला, फक्त वर्गात बसून नाही.

मात्र तो आपल्यापर्यंत पोहोचला तो ‘सालों दे झँदेपाँदाँ’ या प्रदर्शनामुळे. १८८४ मध्ये सुरू झालेल्या या प्रदर्शनाचा नियमच होता: परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत. १८८६ पासून रूसो जवळजवळ दरवर्षी तिथे चित्रं लावत राहिला. लोक हसले, वर्तमानपत्रांनी टर उडवली. पॅरिस तेव्हा फार उदार होतं असं मी म्हणणार नाही. पण १८९१ मध्ये रूसोचं वादळातल्या वाघाचं चित्र भिंतीवर होतं, म्हणूनच वालोतों या तरुण चित्रकाराला ते दिसलं आणि त्याने मनापासून दाद दिली. निवड समिती असती तर तो वाघ बहुधा घरीच राहिला असता.

आपल्याकडे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचंही वेगळं काय झालं? लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचं भिंतीवरचं चित्र, लिहिणं हे वारली सवाशिणींचं काम. म्हसे रोज, विधीबाहेर रंगवू लागले. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारली पाड्यांवर कागद पोहोचवला आणि म्हशांची चित्रं भिंतीवरून जगात निघाली. १९८९ मध्ये ती पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात होती, पद्मश्री मात्र २०११ मध्ये मिळाली. रूसोने न पाहिलेलं रान रंगवलं, म्हशांनी रोजचं. दोघांना ‘भोळे’ म्हणून एका कप्प्यात टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आपली पोरं चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देतात, दहावीला वाढीव गुण घेतात आणि बहुतेकांचा ब्रश तिथेच वाळतो. त्यांना पदवी हवी की नको यावर भांडण्यापेक्षा प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एक आठवडा एखादं सभागृह मोकळं ठेवा. निवड समिती नको, उद्घाटनाची भाषणं नकोत, आधी येईल त्याला जागा. सुमार चित्रंही लागतील, लागू द्या. आणि वारली असो वा निसर्गचित्र, प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव आणि गाव ठळक लिहा.