चमचा कपात ठेवा

शुक्रवार दुपारपासून आमची मुलं "ओमाकडे, ओमाकडे" करून घर डोक्यावर घेतात. ओमा म्हणजे त्यांची आजी, म्हणजेच माझ्या सासूबाई. जर्मनीतल्या ब्रेमेनहून अडीच तासांवर, उत्तर समुद्राकाठी नॉर्डडाइखला राहतात. मी दापोलीकडचा. सासर समुद्रकाठचं, एवढ्यावरच मी निम्मा विरघळलो होतो.

पहिल्या भेटीत बांधावर चढलो तर समुद्रच नव्हता. नजर पोचेल तिथवर चिखल. "सहा तासांनी येईल," ही म्हणाली, नळाच्या पाण्याची वेळ सांगावी तशी. ओहोटी आम्हालाही असते हो, पण आमचा समुद्र असा घरदार सोडून जात नाही. या चिखलाला २००९ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलंय आणि लोक त्यात अनवाणी फिरायला पैसे मोजतात. आमच्याकडे याला लावणी म्हणतात, आणि वर मजुरी मिळते.

पण खरी कसोटी चहाची. हा पूर्व फ्रिसियाचा मुलूख, इथे चहा म्हणजे पूजाविधी. नाजूक कपात आधी खडीसाखरेचा खडा. त्यावर कडक कोरा चहा, बहुतेक आपल्या आसामचाच. खडा तडकतो, तो आवाज सगळ्यांनी शांतपणे ऐकायचा. मग कडेने क्रीम सोडायचं, घड्याळाच्या उलट दिशेने. आणि ढवळायचं नाही! मी चमचा बुडवला तेव्हा सासूबाईंनी असं पाहिलं, की मी चपला घालून देवघरात शिरलोय. मग चमचा दिलाय कशाला, हे विचारण्याइतकं माझं जर्मन तेव्हा नव्हतं.

कप रिकामा केला. त्यांनी भरला. पानात टाकायचं नाही हे आईचे संस्कार, म्हणून मी संपवला. त्यांनी पुन्हा भरला. मला वाटलं, आग्रह चाललाय. त्यांना वाटलं, जावई तहानलेला आहे. सात कप झाले.

आणि मग सगळे चिखलात फिरायला निघालो. वाटाड्या किड्यांच्या विष्ठेच्या वेटोळ्यांवर रंगात येऊन बोलत होता. मी आडोसा शोधत होतो. मैलभर सपाट, झुडूपसुद्धा नाही. माझी तगमग पाहून पाच वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, पुरे असेल तर चमचा कपात ठेवायचा असतो."

हे आता सांगतेस?

पुढच्या खेपेला पहिल्याच कपानंतर मी ऐटीत चमचा आत ठेवला. सासूबाईंचा चेहरा पडला. तीन कपांच्या आत थांबणं म्हणजे यजमानाचा अपमान, हे मला बायकोने स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. परत येऊन दोन कप प्यालो, वर प्रायश्चित्त म्हणून एक.

दरम्यान सासूबाईंनी आळीभर सांगितलंय, जावई परदेशी असला तरी सात कप पितो. येत्या रविवारी शेजारच्या बाईंनी चहाला बोलावलंय. मला एकट्याला.