बदलापूर वाढलं, पण मोजलं कुणी?

"पाच वर्षांत इथे ठाण्याचे भाव येणार, लिहून ठेवा," असं पिंट्या म्हणाला आणि बदलापुरातल्या कात्रपच्या कट्ट्यावर जुंपली. पिंट्या फ्लॅटची दलाली करतो, त्यामुळे हे वाक्य आम्हाला पाठ आहे. एरवी कुणी मनावर घेत नाही. पण त्या संध्याकाळी बंड्या कर्जत लोकलच्या दारात लटकून नुकताच उतरला होता.

"भाव येतील रे. गाड्या येणार आहेत का?"

बंड्याचं ऑफिस फोर्टात. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर, म्हणजे फास्ट मिळाली तरी दीड तास. सकाळची बदलापूर लोकल इथूनच सुटते, तेव्हा निदान बसायला मिळेल असं बाहेरच्याला वाटतं. पण अंबरनाथची मंडळी उलटी येऊन खिडक्या धरून बसलेली असतात, आणि खोपोली-कर्जतची गाडी नेरळ-वांगणीलाच भरते. बदलापूरकराच्या वाट्याला तिघांच्या बाकावरची चौथी सीट आली तरी तो दिवस चांगला.

पिंट्याने यादी काढली. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन. कांजूरमार्गहून मेट्रो चौदा. बडोद्याहून येणारा द्रुतगती मार्ग, त्याचा बेंडशीळचा चार किलोमीटरच्या वरचा बोगदा आणि पलीकडे पनवेल. "आणि नवी मुंबईचं विमानतळ तर २०२५ ला सुरूही झालं!"

"तिसरी-चौथी लाइन मंजूर कधी झाली?" मास्तरांनी विचारलं. ते निवृत्त झाले, पण प्रश्न विचारायची सवय गेलेली नाही.

"२०१९ ला."

"तेव्हापासून तू किती फ्लॅट विकलेस?"

पिंट्या हसला, आकडा सांगितला नाही.

बंड्या मात्र सुटला होता. "विमानतळ हाकेच्या अंतरावर, असं तुझ्या जाहिरातीत असतं. या कट्ट्यावरचा कोण रोज विमानाने जातो? आम्हाला साधी लोकल द्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने दहा फेऱ्या एसी केल्या. ज्याच्याकडे साधा पास, त्याने काय करायचं? आपण आणि कळवेकरांनी गोंधळ घातला, तेव्हा आठवड्याभरात त्या मागे घेतल्या. इथे काही हवं असेल तर फलाटावरच उतरावं लागतं."

मनीषाला हे पटेना. ती बँकेत आहे, घरकर्जाच्या फायली रोज तिच्या टेबलावरून जातात. तिचं म्हणणं, बदलापूरला कुणी हौसेने येत नाही आणि कुणी फसवूनही आणत नाही. "माझे आजोबा परळच्या चाळीत. वडिलांनी डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं. मला डोंबिवली परवडली नाही, मी इथे आले. माझ्या हाताखालची मुलगी आता वांगणीला बघतेय. पगारावर जेवढं कर्ज मिळतं तेवढ्यात जिथे स्वतःचं दार लावता येतं, तिथे माणूस उतरतो. बाकी मेट्रो-बिट्रो ब्रोशरवर."

मला विचाराल तर सगळ्या चर्चेत हेच खरं. बदलापूर वाढवायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. अलीकडची स्टेशनं एकेक करून हाताबाहेर गेली आणि गर्दी पुढे सरकली. घराच्या किमतीत जे वाचतं ते रोज तीन-साडेतीन तासांच्या प्रवासात फेडायचं, हा व्यवहार इथे प्रत्येकाने मनातल्या मनात केलेला आहे. पिंट्या फक्त त्यातला पहिला भाग मोठ्याने सांगतो.

इतका वेळ पाटील गप्प होते. ते इथले मूळचे, आगरी. त्यांच्या घराण्याची वालिवलीकडची शेती आता तीन सोसायट्या आणि एक गेट झाली आहे.

"तुमी सगले आले कुटून ते सांगता," पाटील म्हणाले, "पानी कुटून येतं ते कोन सांगील?"

हा विषय निघाला की पाटलांना थांबवू नये. उल्हास नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, कारण वर भिवपुरीला टाटांचं वीजघर आहे. आंध्रा तलावाचं पाणी वीज करून झाल्यावर नदीत सुटतं. त्यातलंच पाणी जीवन प्राधिकरण बॅरेजवरून उचलून बदलापूर-अंबरनाथला देतं. बारवी धरण तर आपल्या उशाशी, पण ते एमआयडीसीचं. त्याचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि थेट ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. "धरन आमच्या पाठी आनि टँकर आमच्या दारी," हे पाटलांचं ठरलेलं वाक्य. पूर्वेच्या नव्या टॉवरांच्या गेटवर एप्रिल-मेमध्ये जो उभा राहून बघेल त्याला ते खोटं म्हणता येणार नाही.

आणि पावसाळ्यात तीच उल्हास घरात येते. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात उभी राहिली, हजारभर प्रवासी बोटींनी काढले, हेलिकॉप्टरं आली. देशाने त्या दिवशी टीव्हीवर गाडी पाहिली. रमेशवाडी, हेंद्रेपाडा इथल्या तळमजल्यांत गाळ किती आला, ते बघायला कुठलाही कॅमेरा थांबला नाही.

"पूररेषा आखल्यात ना आता," पिंट्या म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, कारण त्याची दोन-तीन कामं त्या रेषेत अडकली आहेत.

मास्तरांनी समजावलं. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकाम नको, निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर. "आमच्या आज्याला रेषा म्हाईत नव्हती," पाटील म्हणाले, "पन त्याने नदीकडं भात लावला, घर वरती बांधलं. आनि जांबली बी वरती." त्या बदलापुरी जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. झाडं शोधायला मात्र गावठाणाच्या कडेकडेने फिरावं लागतं.

मग गाडी नगरपालिकेवर आली. बदलापूर १९८३ ला कल्याण महापालिकेत घातलं गेलं, १९९२ ला बाहेर आलं आणि कुळगाव-बदलापूरची वेगळी पालिका झाली. इथल्या पालिकेची निवडणूक २०१५ ला झाली. त्यानंतरची थेट २०२५ च्या डिसेंबरात. २०२० ला मुदत संपल्यावर मधली वर्षं प्रशासक.

"२०२४ चा ऑगस्ट त्याच काळात," मनीषा म्हणाली. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या बंद राहिल्या, त्याबद्दल ती बोलत होती. कट्टा जरा दबला. "त्या दिवशी वॉर्डात एक नगरसेवक नव्हता."

"तक्रार पोलिसांनी वेळेवर घेतली नाही, हा मुद्दा होता," मास्तर म्हणाले. "नगरसेवकाचा काय संबंध?"

"सर, पोलीस ठाण्यात बरोबर कुणाला घेऊन जायचं, हाच संबंध. तीन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या माणसाला शेजारचा ओळखत नाही. त्याने आणायचं कुणाला?"

मास्तरांनी हे मानलं नाही, आणि मलाही ते पूर्ण पटलेलं नाही. नगरसेवक असतानाही माणसं ताटकळतात. पण वाढत्या गावात सगळ्यात आधी तुटवडा पडतो तो ओळखीच्या माणसाचा, एवढं तिचं खरं.

मास्तरांचा खरा राग जनगणनेवर. २००१ ला बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या आसपास गेलं, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. "म्हणजे कागदावर आपण अजून पावणेदोन लाख. दवाखान्याच्या खाटा, निधी, नगरसेवकांची संख्या, सगळं त्या कागदावर. कात्रप-खरवईला उभ्या राहिलेल्या इमारती त्या कागदाला माहीतच नाहीत. तीन लाख भरले तर महापालिका मागता येते, पण भरले हे सांगणार कोण? आता २०२७ ची गणना येतेय, तेव्हा घरी थांबा!"

"घरी कधी थांबणार?" बंड्या म्हणाला. "सहाला कुलूप लागतं ते रात्री नऊला निघतं."

"मंग मोजनीवाल्याला सकाली फलाटावर उबा करा," पाटील म्हणाले. "एका गाडीत अर्धा वॉर्ड होईल."

स्वगणना ऑनलाइन करता येणार आहे, असं मनीषाने सांगितलं. त्यावर पत्ता कुठला द्यायचा यावरून नवा घोळ सुरू झाला, कारण तिचं रेशनकार्ड अजून डोंबिवलीचं. जिथे राहता तिथलाच पत्ता, मास्तर ओरडले, मतदार यादीचा याच्याशी संबंध नाही. मतदार यादीचं नाव निघालं म्हणून पाटलांनी सहज विचारलं.

"पिंटूशेठ, डिसेंबरात मत कुटं टाकलंत?"

"टाकलंच नाही. नाव पाटणला आहे," पिंट्या म्हणाला. "तसं काही नाही हो, गावाकडे जमीन आहे. इथे नाव घातलं की तिकडचं निघतं, आणि मग भावकी बोलायला मोकळी."

"आनि आमाला ठान्याचे भाव लिवून ठेवायला सांगतो!"