कराराचं मतदान कसं घ्यावं, या शिकवतो

तुमच्या युनियनमध्ये वेतन करारावर मतदान घ्यायचंय आणि नंतर ते 'एकदम फेअर झालं' असं छातीठोक सांगायचंय ना, मग गेल्या गुरुवारी आमच्या टॉवेलच्या कारखान्यात झालं तसंच करा. मी स्वतः हजर होतो. म्हणजे पोचलो तेव्हा मत टाकणं संपलं होतं, ते जाऊ द्या.

दिवस पाण्याचा निवडा, नळाला पाणी येतं तो. सोलापुरात याच्यापेक्षा जास्त सांगायला लागत नाही. वेळ सकाळी आठची, म्हणजे थर्ड शिफ्टवाले घरी जाऊन झोपलेले, फर्स्टवाले लूमवर, आणि उरलेले बॅरल भरत बसलेले.

नोटीस मात्र लावा हं. कँटीनच्या बेसिनवर लावा, भिजून शाई पसरली तर तो काय तुमचा दोष?

करार इंग्लिशमध्येच ठेवा. अर्धं खातं घरी तेलुगू बोलतंय, थोडे कन्नड, बाकी आपण मराठी, उगं एका भाषेवर मेहेरबानी कशाला. वाचून दाखवताना पगारवाढीचा आकडा माईकवर दोनदा सांगा आणि एका माणसानं दोनाऐवजी तीन लूम बघायचे हे कलम आलं की खोकला काढा.

कोणी शंका काढलीच तर जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या बंद पडलेल्या गिरण्यांची एवढी नावं घ्यायची. 'तसं व्हायला पाहिजे का तुला?' गप बसतोय माणूस.

आता पेटी. पेटी म्हणजे खारीचा रिकामा डबा, कुलूप नाही, झाकणाला सुतळी. चिठ्ठीवर 'मान्य' छापून आणायचं, 'अमान्य' ज्याला म्हणायचंय त्यानं हातानं लिहावं, पेन एकच, ते खजिनदाराच्या खिशात, आणि खजिनदार चहाला गेलेला. मग डबा आत न्यायचा आणि दार लावायचं. मी बाहेर पाऊण तास उभा, आत फक्त चहाचे ग्लास जात होते. दार वाजवून म्हटलं, मोजताना नुसता कोपऱ्यात उभा राहतो, बोलणार पण नाही. तर म्हणे, 'आमच्यावर विश्वास नाही का तुझा?' बाहेर आले आणि म्हणाले, बहुमतानं मंजूर. म्हटलं किती विरुद्ध किती? 'बहुमतानं.' अहो बहुमत हा काय आकडा आहे का? टॉवेल मोजताना एक नग कमी पडला तर पगारातनं कापून घेता ना, तिथं येतंय की मोजायला! संध्याकाळी बोर्डावर त्याच बहुमताचं 'सर्वानुमते' झालं होतं, माझं मत त्या डब्यात पडलंच नाही तरी मी पण त्या 'सर्वां'त!

आणि कायदा कोणी काढायचा नाही, तो तुमच्याच बाजूचा आहे. मान्यताप्राप्त युनियननं सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर समेटात सही केली की करार सगळ्यांवर लागू, मत दिलेल्यावर, न दिलेल्यावर, उद्या कामाला लागणाऱ्या पोरावर सुद्धा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून हेच चालत आलंय.

म्हणूनच तर मोजून घ्यायचं असतंय बे! एका सहीनं सगळ्यांचे हात बांधले जातात तर ती सही कुणाच्या जिवावर केली ते दाखवायला लाज कसली वाटते? 12 जानेवारीला, इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना हार घालायला बिल्ला लावून पहिले तुम्हीच असता.

आणि तुम्ही रे, चहाच्या गाड्यावर तीन दिवस 'चीटिंग झाली, चीटिंग झाली' करून घसा फोडणारे. महिन्याभरापूर्वी मसुद्यावर मीटिंग होती तेव्हा सात जण होते, सात! तीन लूमच्या कलमाचं ते चौदावं पान कुणी उघडून बघितलं होतं का? मी पण नाही बघितलं. गुरुवारी मी पण बॅरलच भरत होतो.

खरं सांगू का, मी 'मान्य'च टाकणार होतो. पोरीची फी आहे, एरियर्स पाहिजेत. चिठ्ठ्या अजून असतील तर आणा गेटवर, सतरंजी टाका, तिन्ही शिफ्टचे दोन-दोन माणसं बसवा आणि मोजा. जिंकलात तर पेढे माझ्याकडनं.

फक्त डबा कुठाय ते सांगा.